नात्याच्या रकान्याखालची लाल ओळ

पटलं तर बघा, नाही पटलं तर सोडून द्या. मला कुणाकडून वाहवा नको आहे. जे माझ्या डोळ्यांसमोर झालं तेवढंच सांगणार आहे, पदरचं एक अक्षर घालणार नाही.

आणि भूत म्हटलं की रात्रच पाहिजे, असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

माझ्या बाबतीत लख्ख दुपार होती. बुकारामांगा शहर, गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४. अडीच वाजले होते.

मी मारलेनी. जावामध्ये प्रोग्राम लिहिते. आमची कंपनी म्हणजे सहा माणसं, एक मालक आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली फुलांचं दुकान. त्या दुकानदाराला बादल्यांतलं पाणी बदलायचा भारी कंटाळा. सडक्या देठांचा वास जिन्यातून वर यायचा. आम्हाला सवय झाली होती.

गावाच्या उत्तरेला एक दफनभूमी आहे. नाव सांगत नाही, अजून खटला चालू आहे. तिथला अर्जांचा सगळा कारभार आम्ही संगणकावर आणला होता.

आमच्याकडे माणूस भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि कप्पा सिमेंटने बंद करतात. चार वर्षांनी उघडतात. घरच्यांनी अर्ज केला तर अस्थी त्यांच्या हाती देतात. मग त्या चर्चमधल्या कोनाड्यात ठेवता येतात. अर्ज आला नाही, तर ठरलेल्या शनिवारी असे सगळे कप्पे रिकामे करतात. अस्थी सामायिक खड्ड्यात. वर चुना.

तो अर्ज म्हणजे माझा फॉर्म. मृताचं नाव, कप्प्याचा नंबर, दफनाची तारीख, अर्जदाराचं नाव, मृताशी नातं. एखादा रकाना चुकला की त्याच्याखाली लाल ओळ येते. ‘तारीख भरा’, ‘नंबर चुकीचा आहे’, असलं काहीतरी. या सगळ्या ओळी एकाच फाईलमध्ये असतात. एकूण बासष्ट. बासष्टच्या बासष्ट मी स्वतः टाईप केलेल्या, पाठ होत्या म्हटलं तरी चालेल.

त्या दुपारी एदिल्माबाई जिना चढून वर आल्या.

सत्तरीच्या असतील. धाप लागलेली, ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेला, हातात कागदांची पिशवी. दारातूनच म्हणाल्या, “ते संगणकवाले तुम्हीच ना? दफनभूमीतल्या कारकुनाने पाठवलंय. म्हणाला, बाई, मशीन घेत नाही, मी काय करू, ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे जा.”

मेला! बसल्या जागेवरून फोन करता आला नसता का त्याला? म्हातारीला दोन बस बदलायला लावल्या त्याने.

मी त्यांना खुर्ची दिली, काळी कॉफी दिली. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मुलगा दुवान. सव्वीस वर्षांचा. करोनाच्या वर्षी, जुलैमध्ये, मोटरसायकल घसरून गेला. त्या दिवसांत दफनाला कुणालाच आत सोडत नव्हते. बाईंनी त्याचा आवडता पिवळा फुटबॉलचा शर्ट फाटकावरून आत दिला. आतल्या माणसाने ‘घालतो’ म्हणून सांगितलं. एवढाच काय तो निरोप. आठ दिवसांनी फोन आला, कप्पा २१४.

“तेव्हापासून एक सोमवार चुकवला नाही, पोरी. सोमवार आत्म्यांचा ना. जाते, तीनदा टकटक करते, म्हणते, दुवान, मी आले रे. मग आठवड्याचं सगळं सांगते. शेजारणीची भांडणंसुद्धा.”

चर्चमधला कोनाडा त्यांनी घेऊन ठेवला होता. पेटी तयार होती, आतलं पांढरं कापड स्वतः शिवलेलं. अडलं होतं ते फक्त अर्जावर. मुदत शुक्रवारपर्यंत. शनिवारी कप्पे रिकामे होणार.

“खड्ड्यात नको गं जायला माझं पोर,” त्या म्हणाल्या. “बाकी काही नको मला.”

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हटलं.

मी फॉर्म उघडला. सगळं बघून बघून भरलं. नात्यासमोर लिहिलं, आई. बटण दाबलं.

पान परत तिथंच आलं. बाकी सगळे रकाने ठीक. फक्त नात्याच्या रकान्याखाली एक लाल ओळ...

‘ही माझी आई नाही.’

मी दोनदा वाचली.

“काय म्हणतं ते?” बाईंनी विचारलं. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. त्यांना फक्त लाल रेघ दिसत होती.

“काही नाही. थांबा जरा.”

माझं डोकं सणकन तापलं. असला वाह्यातपणा करणारा आमच्याकडे एकच. विल्मार. शेजारच्या टेबलावर बसून पुडीतले भाजलेले मुंगळे, आमच्याकडचा आवडता खाऊ, कुरुमकुरुम खात होता. मागच्या वर्षी याने गंमत म्हणून फोन नंबरच्या रकान्याला ‘डोळे फुटले का?’ अशी ओळ घातली होती, आणि ती तशीच लोकांपर्यंत गेली. मालकांनी, अर्नुल्फोसाहेबांनी, तेव्हा त्याचे वाभाडे काढले होते.

मी त्याला खुणेने बोलावलं. स्क्रीन दाखवली. हळू आवाजात म्हटलं, “लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाच्या आईची चेष्टा करतोस?”

त्याने वाचलं. तोंडातला घास चावायचा थांबला.

“आईशप्पथ, मारलेनी. मी नाही.”

“मग काय तुझा बाप आला होता लिहायला?”

“अगं, मी नालायक आहे, पण इतका नाही.”

त्याचा चेहरा बघून मला कळलं, हा खोटं बोलत नाही.

मग मी नेहमीप्रमाणे शोधायला बसले. यात घाबरण्यासारखं काही नसतं. ओळ दिसते आहे, म्हणजे ती कुठेतरी लिहिलेली असणारच. आधी ती बासष्ट ओळींची फाईल. त्यात नाही. मग सगळ्या प्रोग्राममध्ये शोध लावला.

सापडलं... शून्य.

डेटाबेसमध्ये शोध. शून्य. सर्व्हरवर एखादी जुनी फाईल राहिली असेल. नव्हती. सर्व्हर बंद करून चालू केला. परत भरलं. परत तीच ओळ.

नात्याच्या रकान्याला मी दोनच तपासण्या लावल्या होत्या. रिकामा नसावा आणि फार लांब नसावा. ‘आई’ रिकामं नाही. दोन अक्षरं लांब नाहीत. अडायचं कारणच नव्हतं.

सर्व्हर प्रत्येक चुकीची नोंद ठेवतो. मी ती उघडली. तारीख, वेळ, रकाना नातं, निकाल नापास. पुढे कारण लिहिलेलं असतं.

तिथे काहीच नव्हतं. नुसती मोकळी जागा.

“दुसरा कप्पा टाकून बघ,” विल्मार म्हणाला. टाकला. २१३, नातं आई. फॉर्म गुपचूप पुढे गेला. २१६, तोही गेला. परत २१४...

‘ही माझी आई नाही.’

आता मला वास यायला लागला. फुलांच्या पाण्याचाच, पण गोडसर. तोंडात चव यावी इतका दाट. मी खिडकी लावून घेतली, तर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. खोलीतच होता तो.

एक माशी स्क्रीनवर बसली होती. हिरवी, जाडजूड. लाल ओळीवरून चालत होती, ओळीच्या टोकापर्यंत जायची आणि परत पहिल्या अक्षरावर. मी हाकलली. ती उडाली आणि तिथंच बसली. शी! मला इतकी किळस आली की मी कॉफीचा कप बाजूला सारला.

विल्मार म्हणाला, “अर्जदार म्हणून तुझं नाव घाल ना. बघू काय म्हणतं.”

घालायला नको होतं. पण घातलं. अर्जदार मारलेनी, नातं बहीण. बटण दाबलं.

बराच वेळ पान हललं नाही. मग...

‘तूही कुणी नाहीस.’

विल्मार उठला आणि जिन्याकडे गेला. पुडी टेबलावरच राहिली. त्या दिवशी तो परत आलाच नाही.

“पोरी,” बाई म्हणाल्या, “होईल ना गं?” पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

आता ऐका मी काय केलं. माझ्या धंद्यात हे पाप समजतात, आणि करतात सगळे.

चूक कशामुळे येते ते सापडत नाही ना? मग तपासणीच बंद करून टाकायची. ओळ नाही, कटकट नाही. मी म्हटलं, गेलं खड्ड्यात. म्हातारीचं काम होऊ दे, कारण मग शोधू सावकाश. कारकुनाला फोन करून ‘जरा तुमचं जुनं रजिस्टर बघा, २१४ मध्ये नक्की कोण आहे’ एवढं विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं नाही असं म्हणते. खरं तर आलं होतं. पण त्या वासात मला एक मिनिटही जास्त बसायचं नव्हतं.

मी २१४ साठी सगळ्या तपासण्या काढल्या. बटण दाबायला गेले तर बोट बटणाला चिकटलं. काहीतरी ओलसर लागलं होतं त्याला. कॉफी नव्हती, माझी कॉफी मी सांडली नव्हती. मी बोट पँटला पुसलं आणि बटण दाबलं.

हिरवी ओळ आली. ‘अर्ज मिळाला. सोमवार, सकाळी साडेआठ.’

आणि तिच्याखाली, जिथे एकही रकाना नाही तिथे, लाल अक्षरांत...

‘अजून दोन दिवस आहेत.’

मी म्हटलं, मुदतीबद्दल असेल काहीतरी. खरंच असं म्हटलं मी! आणि पान बंद केलं.

बाईंनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. “देव तुझं भलं करो. तू नसतीस तर माझं पोर खड्ड्यात गेलं असतं.”

मग दारात थांबून म्हणाल्या, “सोमवारी येशील का माझ्याबरोबर? दुसरा माणूस लागतो म्हणे सही करायला. माझं कुणी नाही आता.”

नाही कसं म्हणणार?

सोमवारी साडेआठला आम्ही तिथे होतो. ऊन नुकतंच वर आलं होतं. बाईंच्या काखेत ती पेटी, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली. त्यांनी कप्प्यावर तीनदा टकटक केलं. “दुवान, मी आले रे. चल, घरी जाऊ.”

तिथला माणूस एवेलियो, पन्नाशीचा, तोंडाला फडकं. त्याने हातोडीने सिमेंट फोडलं. पहिला तुकडा पडला तसा तो वास बाहेर आला...

तोच. माझ्या खोलीतला. गोडसर.

एवेलियोने आतली शवपेटी ओढली तशी खालची फळी सुटली आणि काळंकुट्ट पाणी त्याच्या बुटांवर गळलं. हिरव्या माश्या घोंघावत आल्या. चार वर्षांत माणूस नुसता हाडांचा व्हायला हवा, पण हा पूर्ण झाला नव्हता. प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातलेला होता ना, ओलावा आतच कोंडला होता. काही हाडं, काही चिकट, साबणासारखं पांढरट.

बाईंनी नाकाला रुमालसुद्धा लावला नाही. वाकून बघत होत्या.

“शर्ट कुठाय?” त्या म्हणाल्या.

एवेलियो थांबला.

“पिवळा शर्ट दिला होता मी. आणि हे दात... माझ्या दुवानचा पुढचा दात चांदीचा होता. याचे सगळे धड आहेत.”

एवेलियोने पिशवीवरची चिठ्ठी हाताने पुसली. त्याला वाचता येईना, म्हणून मी वाचली. योर्मान उर्दानेता. एकतीस वर्षं. माराकाइबो. हॉस्पिटलमधून, करोना.

म्हणजे सीमेपलीकडचा, शेजारच्या देशातला. त्या वर्षांत पायी चालत आलेल्या हजारो पोरांपैकी एक. त्याची आई कुठेतरी तिकडे, तिला हा मेल्याचं तरी कळलं असेल की नाही, देव जाणे.

ही माझी आई नाही.

मी चिठ्ठी परत वाचली.

कारकुनाला बोलावलं. तोच तो, दात कोरत आला. जुनं रजिस्टर काढलं. त्या दिवशी दोन पेट्या आल्या होत्या, एकामागोमाग एक. २१४ दुवानला. २१५ उर्दानेताला. बघायला घरचं कुणी नाही. कोण कुठे सरकवलं, कुणाला पत्ता?

“मग २१५ उघडा!” बाई ओरडल्या. “शेजारीच आहे! उघडा ना!”

मी मान वळवून बघितलं. २१५ च्या जागी नुसतं काळं भोक होतं. झाडून साफ केलेलं.

उर्दानेतासाठी अर्ज आलाच नव्हता. येणार कुठून? तो कप्पा शनिवारी रिकामा झाला होता.

एवेलियोने तोंडावरचं फडकं काढलं. बाईंकडे न बघता म्हणाला, “शनिवारी एक पिवळा शर्ट निघाला होता खरा. मला वाटलं...”

खड्डा तिथून वीस पावलांवर. आम्ही गेलो. एकोणचाळीस जणांच्या अस्थी एकात एक मिसळलेल्या, वर चुना, चुन्यावर पाणी मारलेलं. घट्ट झाला होता. बाई काठावर गुडघे टेकून बसल्या. रडल्या नाहीत. खड्ड्याच्या काठावरची जमीन त्यांनी तीनदा ठोकली. आवाज असा काही आलाच नाही.

गुरुवारपासून शनिवारपर्यंत किती दिवस होतात, ते मी सांगायला नको. तो मला कुणाची मुदत सांगत होता ते मला तिथे कळलं. लोकांच्या चुका वाचण्याचा पगार घेते मी. एका परक्या, मेलेल्या पोराने तीनदा, लाल अक्षरांत, स्वच्छ सांगितलं, आणि मी पँटला बोट पुसून पान बंद केलं. माझीच मला शिसारी येते. त्या काळ्या पाण्याची नाही येत इतकी.

कारकून म्हणाला, या उर्दानेताचं काय करायचं? वारस नाही, पुढच्या खेपेला खड्ड्यात जाईल.

बाई उठल्या. गुडघ्यांना चुना लागला होता. परत येऊन त्या पेटीशेजारी उभ्या राहिल्या.

“चार वर्षं मी याच्याशीच बोलले,” म्हणाल्या. “माझं सगळं याला ठाऊक आहे. आता परका कसा म्हणू? द्या याला धुऊन.”

एवेलियोने ब्रशने एकेक हाड घासलं. बाईंनी ते आपल्या हाताने पांढऱ्या कापडात ठेवलं. मी मात्र भिंतीमागे जाऊन ओकले.

मी ऑफिसला गेले. तपासण्या परत चालू केल्या, २१४ टाकून बघितलं. ओळ आली नाही. वास नाही, माशी नाही. नोंदवहीतली ती मोकळी जागासुद्धा गेली होती. ती नोंदच नव्हती. विल्मार आता त्या दिवसाचं नाव काढू देत नाही. अर्नुल्फोसाहेबांना मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “सुट्टी घे चार दिवस.”

एदिल्माबाईंना मी काही सांगितलं नाही. लाल रेघ का आली होती, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, आमच्या सर्व्हरचा घोटाळा होता.

त्यांच्या लेखी मी देवमाणूस. अख्ख्या शहरात एकटी मीच मदतीला धावले, असं त्या सगळ्यांना सांगत फिरतात. दर सोमवारी चर्चमधून येताना माझ्याकडे येतात. केळीच्या पानात बांधलेला तामाल आणतात, गरम गरम, डुकराचं मांस घातलेला. पान सोडलं की आत ते पांढरट, चिकट पीठ दिसतं. पण त्या समोर बसून बघत असतात. खावंच लागतं.

या सोमवारी पण आल्या. मी दुसरा घास घेत होते.

“काल तो आला होता गं स्वप्नात,” बाई म्हणाल्या.

“दुवान?”

“नाही. हा आपला दुसरा. चांगला धुतलेला, स्वच्छ दिसत होता. माझ्या पायांशी बसला.” त्यांनी तामालचं पान माझ्याकडे सरकवलं. “म्हणाला, आई, मी त्या मुलीला सांगितलं होतं.”

मी वर बघितलं नाही.

“कोणत्या मुलीला गं, पोरी? तुला काही ठाऊक आहे?”

मी मान हलवली. नाही, म्हटलं. आणि तोंडातला घास गिळला.